घरच्या जेवणातल्या कॅलरी मोजायच्या की नाहीत?

ओवी:
जुलै 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावायची सूचना काढली, तेव्हाचा गदारोळ आठवत असेल. नागपूरच्या एम्सचं नाव बातम्यांत आलं, वडापाव, समोसा आणि जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार म्हणून लोक खवळले. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा लावायला कुणीही सांगितलेलं नाही. त्या सगळ्या वादात घरच्या स्वयंपाकघराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माझं म्हणणं असं, की लक्षात न येणाऱ्या कॅलरी आपण सगळ्यात जास्त घरीच खातो. "घरचं आहे, खा" म्हटलं की हिशेब संपतो.

तेल घ्या. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपला तर कुणी त्याला उधळपट्टी म्हणत नाही. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल, माणशी रोजचे 38 ग्रॅम. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅमातून 4 कॅलरी मिळतात, तेला-तुपाच्या एका ग्रॅमातून 9. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार बैठं काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरज आहे 1660. पाचवा हिस्सा तेलातच गेला. तूप, साय, दाणे, खोबरं यात धरलेलं नाही.

आता उपासाचं ताट. एका माणसाची साबुदाण्याची खिचडी मी घरच्या काट्यावर मोजून केली. कोरडा साबुदाणा 60 ग्रॅम, त्याच्या 210 कॅलरी. दाण्याचं कूट 30 ग्रॅम, त्याच्या 165. पोहे खायचा एक चमचा भरून तूप, त्याच्या 120 च्या आसपास. अर्धा बटाटा आणि चिमूटभर साखर धरली की सव्वापाचशे होतात. ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि चमचाभर तेलावर परतलेली पालेभाजी याहून कमी भरते, आणि त्यात तंतू असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं 100 ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाहीत. वर खिचडीनंतर दोन तासांनी राजगिऱ्याचा लाडू आणि बटाट्याचे वेफर्स येतातच.

चहाचंही तेच. मलईच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा कप शंभराच्या घरात जातो. तीन कप म्हणजे एक छोटं जेवण, आणि ते जेवणात कुणीच धरत नाही.

रोज ताट तोलत बसा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक घराने एकदा महिनाभर तेल, साखर, तूप, कूट मोजावं. तुम्हाला काय वाटतं?

पाचजणांचा स्वयंपाक:
ओवीताई, आकडे पटले, पण मोजणार कोण ते लिहिलं नाहीत. घरात पळी माझ्या हातात असते. महिनाभर मोजलं की महिनाअखेर सगळ्यांची बोटं माझ्याकडेच. सासऱ्यांना वांग्यावर तवंग दिसला नाही तर "आज भाजी कोरडी झाली", नवऱ्याला डाळीवर तुपाची धार हवी, मुलांना पराठा दोन्हीकडून खरपूस. मी तेल कमी केलं तेव्हा ताटं अर्धवट राहिली आणि रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडला. तो हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

वजन वाढलं की "तू तेल फार घालतेस", जेवण आवडलं नाही की "तुझ्या हाताला चव राहिली नाही". बायकांना दोन्हीकडून ऐकावं लागतं, त्यात आता आकड्याची भर नको. आधी खाणाऱ्यांनी जिभेला शिस्त लावावी.

ओवी:
ताई, हा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच मोजमाप उघडं हवं असं मला वाटतं. आज तेल किती लागतं हे फक्त तुम्हाला माहीत असतं, म्हणून दोषही तुम्हालाच येतो. कॅनवर तारीख लिहून ठेवली आणि तुपाची धार ज्याची त्याने ताटात घ्यायची असं ठरलं, तर "डाळीवरचं तूप माझं" हे नवऱ्याला स्वतःला दिसेल.

पाचजणांचा स्वयंपाक:
दिसेल, आणि तो म्हणेल एवढ्याने काय होतं. तुमचं घर वेगळं असेल.

आहारतज्ञ_डोंबिवली:
दोन गोष्टी घालते. ओवी म्हणतात ते तेल दिसणारं आहे. दूध, दाणे, खोबरं, अंडं यांतलं न दिसणारं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांत 2000 कॅलरींच्या आहाराला एकूण 67 ग्रॅम स्निग्धांश धरलेत, त्यात दिसणारं आणि न दिसणारं दोन्ही आलं. 38 ग्रॅम कॅनमधून आले तर उरलेल्या सगळ्यासाठी 29 राहतात. मलईच्या दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो. दिवसाला दोन मोठे पेले झाले की 25 ते 30 ग्रॅम तिथेच.

पण कॅलरी म्हणजे सगळं नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगते. शंभर कॅलरींची साखर आणि शंभर कॅलरींचे दाणे शरीराला सारखे नाहीत. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये माणसांवर प्रयोग करून दाखवलं की आख्ख्या बदामांतून शरीराला मिळणारी ऊर्जा पाकिटावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते, कारण चावूनही फुटल्या नाहीत अशा पेशींतलं तेल पचतच नाही. त्याच गटाने पुढे बदामाचं लोणीही तपासलं, तिथे हा फरक राहिला नाही. दाण्यांवर हा प्रयोग नव्हता, पण तत्त्व तेच आहे. मूठभर भाजलेले दाणे चावून खाणं आणि तेवढ्याच दाण्यांचं बारीक कूट भाजीत घालणं, यात कूट जास्त पूर्णपणे पचतं. शिवाय कूट भाजीत विरघळतं, ते खाल्लं हे लक्षातही राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांनी तेल कमी केलेलं असतं आणि दाटपणासाठी कूट वाढवलेलं असतं.

गोदाकाठ:
ही सगळी चर्चा खुर्चीत बसणाऱ्यांची हाय. ज्या पोषण संस्थेचा 1660 चा आकडा ताईंनी दिला, त्याच तक्त्यात जड काम करणाऱ्या बाईला 2720 आन् माणसाला 3470 लिहिलेत. आमच्या भागातून दर साली ऊसतोडीला टोळ्या जातात. पहाटे फडात उतरायचं, मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायच्या. ती बाई भाकरीवर तेल-चटणी घेते तवा तिच्या ताटात कॅलरी लपलेली नसते, तीच तिची ताकद असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36 टक्के लेकरं कमी वजनाची निघालीत. या राज्यात कॅलरी लपून बसलीय म्हणण्यापेक्षा कितीक घरांत ती पोचतच नाही, हे आधी म्हणा.

शेंगदाणा आन् गूळ ही स्वस्तातली ताकद हाय. त्याला खलनायक करू नका. अंगणवाडीतल्या लाडवाकडंबी लोक उद्या संशयानं बघतील.

ओवी:
दादा, तुमच्या एका शब्दालाही माझा विरोध नाही. माझा प्रश्न त्या टोळीतल्या माणसाच्या मुलाचा आहे, जो आज हिंजवडीत संगणकापुढे बसतो. बापाची गरज 3470, मुलाची 2110. मधे 1360 कॅलरींचं अंतर पडलं आणि ताट तेच राहिलं, वर संध्याकाळची बिस्किटं आली. त्याला ही दोन्ही संख्या कुणी सांगितल्यात?

गोदाकाठ:
पोराला सांगा की. मी नाही म्हणत नाही. पण त्याला सांगताना "गावाकडचं खाणं वाईट" असं सांगू नका. शहरात गेलेली पोरं सुट्टीला येऊन आईच्या ताटाला नावं ठेवत्यात, ते आमच्या जिव्हारी लागतं.

सावली:
मी इथे सहसा लिहीत नाही, पण आज लिहावंसं वाटलं. माझ्या मुलीने अकरावीत असताना मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं ॲप घेतलं. सुरुवातीला आम्हाला कौतुक वाटलं. मग ती प्रत्येक फुलका काट्यावर ठेवू लागली. मी भाजीला फोडणी घालताना शेजारी उभी राहून चमचे मोजायची, आणि मी अर्धा चमचा जास्त घातला तर ती भाजी खायची नाही. वाढदिवसाला आजीने केलेली पुरणपोळी तिने रुमालात गुंडाळून दप्तरात टाकली, ती मला चार दिवसांनी सापडली. पाळी बंद झाली, केस गळायला लागले. डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ॲप आणि काटा घरातून काढायची. मानसोपचार अजून चालू आहेत.

म्हणून ओवीताई, "प्रत्येक घराने मोजावं" हे वाक्य मला सहन होत नाही. प्रत्येक घर सारखं नसतं. वाढत्या वयाच्या मुलींच्या घरात हा आकडा ताटाशेजारी आणून ठेवू नका.

वजनकाटा:
सावलीताई, तुमच्या मुलीला लवकर बरं वाटो. पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांनी साखर पूर्ण सोडली आणि पाच वर्षं समाधानात होते की पथ्य पाळतोय. सकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर चार खारी, कारण खारी गोड नसते. मैदा आणि वनस्पती तुपाचे थर एकावर एक लावून केलेला पदार्थ तो, शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी. दुपारी मूठभर चिवडा, तोही तिखट म्हणून चालतो. वजन वाढत गेलं आणि गोळ्याही वाढल्या. आम्ही आठवडाभर सगळं लिहून काढलं तेव्हा कुठे चिवडा आणि खारी पकडली गेली. त्यांना कुणी आकडा दाखवला नसता तर ते आजही पथ्यावरच असते. काहींना आकड्याने त्रास होतो म्हणून सगळ्यांपासून तो लपवणं मला मान्य नाही.

सावली:
लपवा असं मी म्हटलेलं नाही. वडिलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली लिहून काढायला लावणं वेगळं आणि घराघरांत मोहीम काढणं वेगळं.

आहारतज्ञ_डोंबिवली:
सावलीताईंशी सहमत. मुलांना आणि किशोरवयीनांना मी आकडे देत नाही, ताटात काय वाढायचं तेवढंच सांगते. कॅनचा हिशेब घरातल्या मोठ्यांनी आपसांत करावा, तो मुलांच्या कानावर घालायची गरज नाही.

लेस्टरकर:
इंग्लंडमध्ये एप्रिल 2022 पासून अडीचशे किंवा जास्त नोकर असलेल्या हॉटेलांना आणि कॅफेंना मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. तेव्हा इथेही सावलीताईंसारखीच भीती बोलून दाखवली गेली होती, म्हणून गिऱ्हाइकाने मागितला तर कॅलरी नसलेला मेन्यू द्यायची मुभा नियमातच ठेवली आहे. मला ही तडजोड योग्य वाटते. भारतातही 2022 पासून दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना मेन्यूवर आकडा द्यावा लागतो. म्हणजे पिझ्झ्याच्या कॅलरी कळतात, पण कोपऱ्यावरच्या मिसळीच्या कळत नाहीत. ज्या पोरांचं दोन्ही वेळचं जेवण खानावळीत होतं त्यांचं काय?

खानावळवाला:
पंधरा वर्षं विद्यार्थ्यांची खानावळ चालवतोय, म्हणून सांगतो. चाळीस पोरं, दोन वेळचं जेवण, पंधरा किलोचा तेलाचा डबा साडेपाच दिवसांत संपतो. ओवीताईंच्या रीतीने हिशेब केला तर माणशी रोजचे 68 ग्रॅम झाले. वर आहारतज्ञ ताईंनी दिवसभराचे सगळे मिळून 67 सांगितलेत. आमच्याकडे नुसतं तेलच तेवढं होतं.

आता का लागतं ते ऐका. रश्श्यावर तर्री नसली तर पोरं म्हणतात काका, आज पाणी वाढलं का. भाजी स्वस्त असते तेव्हा मी भाजी वाढवतो. महाग झाली की बटाटा आणि रस्सा वाढतो, आणि रश्श्याला चव तेला-मसाल्यानेच येते. तेल निम्मं करायचं तर ताटात डाळ, उसळ, दही वाढवावं लागेल, नाहीतर पोरं अर्धपोटी उठतील आणि रात्री गाडीवर जाऊन वडापाव खातील. डाळ-दह्याचा खर्च धरला तर महिन्याचा दर वाढवणं आलं. गावाकडून पैसे येणाऱ्या पोराला शंभर-दोनशे रुपयेसुद्धा जड जातात, आणि समोरची खानावळ तेवढ्याने स्वस्त ठरते.

भिंतीवर फलक लावायला माझी ना नाही. पण आकडा वाचून पोरगा काय करणार? त्याला ताट निवडायची सोय कुठे आहे? फलकाबरोबर कुणी वसतिगृहाच्या भोजनभत्त्यात वाढ करणार असेल तर सांगा, तेल मी उद्यापासून कमी करतो.