मे महिन्यात, भर दुपारी गेमचा पोर्ट तपासू नका

‘विचर ३’ हा गेम निन्टेंडोच्या स्विचवर, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर, आणलाय; अशा आवृत्तीला पोर्ट म्हणतात. ‘स्विचवर विचर ३ नुसता धूसर, पोर्ट फसलाय’ असं एक मत आहे, ते मोठ्या टीव्हीपुरतं मान्य. डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, जास्तीत जास्त ७२०पी, हातात ५४०पी, आणि गर्दीत दोन्हीकडे आणखी घसरतं. पण ६.२ इंची पडद्यावर ते खपून जातं. २०२० च्या अपडेटनंतर ग्राफिक्सचे पर्याय मिळालेत: मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा) आणि डेप्थ ऑफ फील्ड (लांबचं धूसर दाखवणं) बंद करा, शार्पनिंग (कडा ठळक करणं) चालू ठेवा. अँटी-अलायसिंग (दातेरी कडा गुळगुळीत करणं) बंद केलंत तर चित्र धारदार होतं, पण गवत लुकलुकतं. मला ते जास्त खुपतं. गेममधल्या नोव्हिग्राद शहराच्या बाजारात सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) टिकत नाहीत, त्याला इलाज नाही.

राहिलेला मुद्दा उन्हाचा. या यंत्राला ३५ अंशांपर्यंतची हवा चालते, आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर. त्यात चार्जिंग लावून खेळलात तर आधी पंखा घोंघावतो, मग गरम झाल्याची सूचना देऊन ते झोपी जातं. चार्ज पूर्ण करून वायर काढा, वरची जाळी मोकळी ठेवा. कूलरच्या अगदी तोंडाशी मात्र नको, ती हवा दमट असते. पर्याय चालू-बंद करून चित्राची तुलना रात्री दहानंतर करा, तीही गेममधल्या एकाच जागी.