हवालदार ते एएसआय (सहायक पोलीस उपनिरीक्षक) प्रमोशनची यादी नक्की कशी बनते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर पुण्यात पोलीस हवालदार आहेत, १९९६ ची भरती. घटक (आयुक्तालय की ग्रामीण) कुठला ते लिहीत नाही, समजून घ्या. नुकतीच हवालदारांची एएसआय प्रमोशनची यादी लागली, त्यात ह्यांचं नाव नाही आणि १९९९ ला भरती झालेल्या दोघांचं आहे. हे म्हणतात जाऊ दे, पुढच्या यादीत येईल. पण पोलिसांची नोकरी ५८ पर्यंतच, एएसआय व्हायलाच उशीर झाला तर फौजदार (पीएसआय) कधी होणार, आणि फौजदार म्हणून रिटायर व्हायचं हे ह्यांच्या मनात किती आहे ते मला माहितीये, म्हणून मीच विचारतेय.

२०२२ ला नाईक पद (शिपाई आणि हवालदाराच्या मधलं) रद्द करून ती पदं शिपाई, हवालदार आणि एएसआय मध्ये वाटली तेव्हा आम्हाला वाटलं होतं की वरच्या जागा वाढल्या, आता नंबर लवकर लागेल. मग अडलं कुठे? मध्यंतरी ह्यांना एका बंदोबस्ताला उशिरा पोचल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली होती, ह्यांनी खुलासा दिला, पुढे काहीच झालं नाही. लाइनमधल्या बायका म्हणतात त्या नोटिशीमुळेच नाव कापलं. कोणी म्हणतं सीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) खराब असणार. खरं काय असतं? कमिटी नेमकं काय बघते? आणि आता आम्ही कुठे अर्ज करायचा? कृपया ज्यांना खात्यातलं खरंच माहीत आहे त्यांनी सांगा.

निवृत्त फौजदार:
ताई, मी शिपायापासून चढत गेलेला माणूस आहे त्यामुळे तुमची घालमेल कळते. आधी एक लक्षात घ्या, शिपाई ते एएसआय ही ज्येष्ठता यादी त्या त्या घटकाची असते, म्हणजे आयुक्तालयाची वेगळी, ग्रामीणची वेगळी. फौजदारापासून पुढे राज्याची यादी, ती महासंचालक कार्यालयातून निघते. एएसआय ला विभागीय पदोन्नती समिती बसते, रिकाम्या जागा किती ते बघते आणि ज्येष्ठता यादीत वरून खाली येत जाते. प्रत्येक नावासमोर मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, डीई (विभागीय चौकशी) चालू आहे का, एखाद्या शिक्षेचा अंमल चालू आहे का, म्हणजे वेतनवाढ वगैरे रोखलेली आहे का, एवढं बघतात. मुलाखत नाही की साहेबांची मर्जी नाही, निदान कागदावर तरी हे सगळं ज्येष्ठतेवर आहे.

म्हणून १९९९ वाले पुढे गेले तर दोनच कारणं. एक तर मिस्टरांना अपात्र धरलंय, नाहीतर यादीत ते त्यांच्या खालीच आहेत. भरतीचं साल बघून ज्येष्ठता कळत नाही. एक विचारतो, मिस्टर भरती पुण्यातच झाले होते का जिल्हा बदली घेऊन आले?

कोर्टातला माणूस:
नोटिशीबद्दल मी लिहितो, कारण ह्या एका भीतीने लोक वर्षानुवर्षं गप्प बसतात. कारणे दाखवा नोटीस म्हणजे डीई नव्हे, प्राथमिक चौकशी पण नव्हे. सुप्रीम कोर्टाने १९९१ ला जानकीरामन केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की दोषारोपपत्र दिल्याशिवाय शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली असं धरता येत नाही आणि तोपर्यंत कमिटीचा प्रमोशनचा निर्णय मोहोरबंद पाकिटात, म्हणजे रोखून, ठेवता येत नाही. तेव्हा मिस्टरांना विचारा, दोषारोपपत्र हातात पडलं होतं का, किंवा त्या नोटिशीवर सक्त ताकीद, दंड असा काही आदेश निघाला होता का. नसेल तर नुसत्या नोटिशीवरून डावलता येत नाही.

सीआर चं पण तसंच. २००८ च्या देवदत्त निकालानंतर प्रत्येक शेरा, अगदी 'चांगला' असला तरी, कर्मचाऱ्याला कळवायला पाहिजे. स्वतःच्या सीआर ची प्रत माहिती अधिकारात मागता येते, स्वतःच्याच मागा, दुसऱ्याच्या मागू नका, नाकारतात.

धागाकर्ती:
काका, तुम्ही विचारलं ते बरोबर निघालं. हे सोलापूरकडे भरती झाले होते, सासूबाई आजारी होत्या म्हणून २००६ ला विनंती बदलीने इकडे आले. ते दोघं इथेच भरती झालेले. दोषारोपपत्र वगैरे काही नव्हतं, विचारलं मी, आदेश पण नाही. म्हणजे दहा वर्षांची सर्व्हिस गेली का हो??

निवृत्त फौजदार:
सर्व्हिस जात नाही ताई, घाबरू नका. पेन्शनला ती धरतात. ज्येष्ठता मात्र जाते, स्वतःच्या विनंतीने दुसऱ्या घटकात आलं की तिथल्या त्या पदाच्या यादीत सगळ्यात खाली बसावं लागतं आणि बदली घेताना तसं लिहूनही घेतात. १९९९ वाले म्हणूनच वर आहेत. कठोर आहे हे, आईच्या आजारपणासाठी आलेल्या माणसाला तर फारच, पण डावललं असं नाही म्हणता येणार. तरी खात्री करा. ज्येष्ठता यादी आधी तात्पुरती लागते, हरकती मागवतात, मग अंतिम होते. त्यात मिस्टरांच्या नावासमोर घटकात हजर झाल्याची तारीख बघा आणि त्या तारखेनंतर घटकात आलेला कोणी त्यांच्या पुढे गेलाय का ते बघा. तसं असेल तर तिथे खरी हरकत आहे.

कोर्टातला माणूस:
आणि तसं निघालं तर तोंडी सांगत बसू नका. आस्थापना शाखेत लेखी निवेदन, पोच घेऊन. पुण्याची प्रकरणं मुंबईच्या मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जातात. आदेशापासून एक वर्षाची मुदत असते, निवेदन देऊन सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर त्यापुढे एक वर्ष. ही मुदत हुकली की चांगली केस पण दारातच अडते.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचेही. यादीचा फोटो ह्यांच्या मोबाईलमध्ये आहे, आज रात्री ड्युटीवरून आले की सगळ्यांच्या हजर तारखा उतरवून काढते. २००६ च्या बदलीचा आदेश पण शोधून ठेवते. त्यात २००६ नंतरचा कोणी पुढे दिसला तर निवेदनाचा मसुदा इथेच टाकीन, नजर टाकाल का?