भोपळ्याला फुलं येतात, फळ धरत नाही. लवकर मदत हवी

गच्चीतली माळीण: लेकीला शाळेत 'फुलापासून फळापर्यंत' प्रकल्प दिलाय, रोज फोटो काढून वहीत चिकटवायचे. भोपळ्याला फुलं भरपूर, पण सगळी गळतात. खत, पाणी, ऊन ठीक आहे. पुढच्या शनिवारी वही द्यायची आहे. काय करू?

मळेवाला: आंबट ताक पाण्यात घालून फवारा. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच.

निशिगंध: फुलाखाली बारीक भोपळा दिसतो का? दिसला तर मादी. नुसता देठ असेल तर नर, ती गळणारच.

गच्चीतली माळीण: दोन्ही आहेत. मादीचा बारीक भोपळाही पिवळा पडून गळतो.

निशिगंध: मग परागीभवन होत नाहीये, म्हणजे नर फुलाचे पराग मादीपर्यंत पोचत नाहीत. उंचावर कीटक येत नसतील. कितवा मजला?

गच्चीतली माळीण: अकरावा. हाताने पण करून बघितलं, व्हिडिओत दाखवतात तसं, सकाळी आठला. फुलं मिटलेलीच असतात!

मळेवाला: म्हणून म्हणतो, ताक.

निशिगंध: ताकाने पराग मादीपर्यंत पोचत नाहीत हो काका.

शेंडाखुड्या: वेलाचा शेंडा खुडा, मग फुटव्यांचेही. मादी फुलं वाढतात.

निशिगंध: मादी फुलं आहेत तिच्याकडे. वाचा तरी.

कुडाळकर: आठला मिटलेली? फुलाचा रंग कोणता?

गच्चीतली माळीण: पांढरा. भोपळ्याचा असतो तोच.

कुडाळकर: अहो, मग तो दुधी! नुसतं भोपळा म्हणालात, मी तांबडा समजत होतो. तांबड्याचं पिवळं फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतं, व्हिडिओ त्याचाच असणार. दुधीचं संध्याकाळी उमलतं, रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. दिवेलागणीला जा. नर फुलाच्या पाकळ्या काढून पुंकेसर (मधला परागांचा दांडा) मादीच्या मधोमध कुक्षीवर (पराग घेणाऱ्या टोकावर) हलकेच फिरवा. धरलं तर चार-पाच दिवसांत फरक दिसेल.

खगोलवेडा: त्यापेक्षा सूर्यमालाच करा, भोपळा वाया जाणार नाही! सूर्य फूटभर भोपळ्याएवढा धरला तर पृथ्वी बाजरीचा दाणा, ३२ मीटर अंतरावर. गुरू छोटं लिंबू. नेपच्यून जवळजवळ एक किलोमीटरवर.

शेंडाखुड्या: आणि प्लूटो?

खगोलवेडा: २००६ साली बटुग्रह झाला. आता आठच.

मळेवाला: आम्ही नऊ पाठ केले, ते काय फुकट?

गच्चीतली माळीण: सूर्यमाला कोणी विचारली?? कुडाळकर, आत्ता सातला बघितलं, एक मादी उमललीय. नर एकही नाही! शेजाऱ्यांच्या वेलाचं चालेल का?

कुडाळकर: दुधीचं असेल तर पळा. तांबड्याचं नको, पिवळं दिसलं तर हात लावू नका.