मजबूत नव्हे, गुळगुळीत

कंडिशनरने केस आतून मजबूत होतात असं म्हणतात, ते मला पटलं नाही. ताण सोसायची ताकद केसाच्या आतल्या केराटिन या प्रथिनाची; कंडिशनर बहुतांशी वरच बसतो. त्यातले धनभारित रेणू खराब झालेल्या, ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात, घर्षण घटतं, कंगवा अडकत नाही, म्हणून केस कमी तुटतात. हेही काही थोडं नाही म्हणा.

आमच्याकडे सांगलीत बोअरच्या जड पाण्याने न्हाल्यावर बहिणीच्या केसांचा नुसता काथ्या व्हायचा. त्यात बस गाठायची म्हणून ओलेच केस विंचरायची, तेही बारीक फणीने! ओल्या केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केराटिनला आतून धरून ठेवणारे कमकुवत दुवे, सुटतात. असा केस जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. आता ती कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवते. तुटके तुकडे क्वचितच दिसतात. मुळासकट गळणारे मात्र तेवढेच आहेत.