वाचवलेला वेळ गेला कुठे? खान्देशातल्या आयांनो, खरं खरं लिहा

मागच्या रविवारी मी पूर्ण आठवड्याचं वाटण करून ठेवलं. कांदे उभे चिरून, खोबरं गॅसवर काळं होईस्तोवर भाजून, त्यात आलं, लसूण, कोथिंबीर. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. रोजचा अर्धा तास वाचणार असा हिशेब होता. शुक्रवारी लक्षात आलं की वाचलेल्या वेळात मी मंगळवारी माळा आवरला, बुधवारी मुलाच्या वह्यांना कव्हरं घातली आणि गुरुवारी नणंद येणार म्हणून पाटोड्यांचा घाट घातला. दोन आठवड्यांपासून केसांना तेल लावायचं होतं, ते तसंच राहिलं.

म्हणून हा धागा. वेळ वाचवायच्या युक्त्या सांगाच, पण वाचलेला वेळ शेवटी कोणाच्या वाट्याला गेला हेही लिहा. नोकरीवाली, शेतावर जाणारी, घर सांभाळणारी, सगळ्यांनी. चांगलं दिसावं म्हणून लिहू नका.

पाचोऱ्याची बाई (शाळेतली)

माझी युक्ती जुनीच आहे, कळण्याचं पीठ. चार किलो ज्वारीत किलोभर अख्खे उडीद आणि मीठ टाकून एकदम दळून आणते. ही भाकरी दुसऱ्या दिवशीही छान लागते, उलट ठेच्यावर कच्चं तेल घेतलं तर शिळीच बरी. त्यामुळे रात्रीच जास्त थापते. सकाळी माझ्या नि नवऱ्याच्या डब्याला त्याच भाकऱ्या, मुलांपुरत्याच चार पोळ्या. पाचचा गजर सव्वापाचवर गेला. हसू नका, ती पंधरा मिनिटं सोन्याची आहेत.

खरी सवय मात्र एसटीतली. शाळेच्या गावाला जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. आधी मांडीवर वह्या तपासायचे. मान धरायला लागली तेव्हा बंद केलं. आता खिडकीतून कपाशी बघते, बास. शेजारची बाई बोलली तर बोलते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून वाचलेले पैसे मी एका डब्यात टाकते. घरखर्चात मिसळत नाही. नवऱ्याने एकदा दुधवाल्यासाठी सुटे मागितले तर डबा दाखवलासुद्धा नाही. दोन-तीन महिन्यांनी त्या पैशांत मी एकटी अमळनेरला मैत्रिणीकडे जाते. मुलांना न घेता. पहिल्यांदा स्टँडवर उतरले तर सारखं वाटत होतं, काहीतरी गाडीत विसरलं.

भुसावळची, रेल्वे क्वार्टरवाली

आमच्याकडे ड्युटीला दिवस-रात्र नाही. साहेब रात्री दोनला उतरले तरी गरम पोळी, पहाटे चारला निघाले तरी डबा. तेरा वर्षं केलं. मग कंबर अशी आखडली की दोन दिवस पलंगावरून उतरता आलं नाही. त्या दोन दिवसांत यांनी स्वतः खिचडी फोडणीला टाकली आणि घर काही कोसळलं नाही! मलाच जरा वाईट वाटलं, खरं सांगते.

आता रात्री अकरानंतर येणाऱ्याने डब्यातलं गरम करून घ्यायचं. सासूबाईंना पटलेलं नाही, त्या ऐकू जाईल इतपत पुटपुटतात. आणि उन्हाळ्यात नऊच्या आत ओटा बंद म्हणजे बंद. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा अकरा वाजता गॅससमोर उभं राहणारीला कोणी पदक देत नाही. सकाळीच वरण, भाजी, पोळ्या, आणि दुपारी कैरीचं पन्हं. एक ते चार कूलर लावून आडवी पडते. दार वाजलं तरी उठत नाही. अशा उन्हात आलेला माणूस एक तर कुरियरवाला, नाही तर वेडा.

शिंदखेड्याकडून (आईने सांगितलं, मी लिहून दिलं)

आईला वरचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ज्या घरमा नळ शे, तठेच येळ शे."

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी सगळं सोडून भरावं लागतं. दिवाळीच्या पुढे-मागे वेचणी असते, मजुरी किलोवर. म्हणजे तासभर वाचला तर त्या तासाचा कापूस वेचला जातो, आराम नाही होत. आई म्हणते, युक्ती सांगायची तर एकच. बांधावर सगळ्या बायका एकत्र जेवायला बसतात. ठेचा एकीचा, कांदा दुसरीचा, लोणचं तिसरीचं. मालक आला तरी त्या अर्ध्या तासात कोणी उठायचं नाही, हे त्यांनी आपसात ठरवलंय. एकटी बसली असती तर पाच मिनिटांत उठली असती. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात, त्यांना रात्री खोबरेल लावते. ते मी लावून देते. अजून काय लिहू विचारलं तर म्हणाली पुरे, झोप.

नंदुरबार जिल्हा, आरोग्यसेविका

वरची बांधावरची गोष्ट वाचून दोन मिनिटं थांबले.

मी गावोगाव बायकांना सांगत फिरते, हिमोग्लोबिन तपासा. शिबिरात मशीन मोकळी होती म्हणून सहज माझं बोट टोचलं तर ८.६. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, हे मीच शिकवते! जिना चढताना धाप लागायची, ती मी 'वय झालं' या खात्यात टाकून मोकळी झाले होते. वय ३७.

माझी चूक काय, तर जेवण झालं की लगेच चहा. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आता चहा तासाभराने, आणि जेवणात लिंबू. लोहाची गोळी दुधासोबत किंवा चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं झालं की बायका घाबरून गोळ्या बंद करतात. ते गोळीमुळे होतं, काळजी नको. एक मात्र लक्षात ठेवा. आमच्या भागात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच जणांना असतो. तिथे रक्त कमी होण्याचं कारणच वेगळं. त्यामुळे आधी तपासणी, मग गोळी. शेजारणीची उरलेली पाकिटं संपवू नका.

वेळ वाचवायचं विचाराल तर मला काही जमलेलं नाही. पण दर तीन महिन्यांनी स्वतःचं बोट टोचते. त्याला दोन मिनिटं लागतात.

जळगाव, तिसरा मजला

कबुली देते. थंडीत मी भरीत विकत आणते.

आमच्या जळगावात हे सांगायला धाडस लागतं. खरं भरीत म्हणजे हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची, मग हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेलात हात आखडायचा नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत काड्या पेटवल्या तर सोसायटीवाले अग्निशामक दल बोलावतील. गॅसवर भाजलं की घरातले म्हणतात, चव नाही. म्हणून किलोवर मिळणारं तयार भरीत. पुऱ्या घरी तळते, तेवढंच समाधान.

वाचलेल्या वेळात मेहरूण तलावावर फिरायला जाते. पहिल्या दिवशी फोन घेऊन गेले आणि फिरता फिरता मेथी, गॅस सिलेंडर आणि मुलीच्या क्लासची फी, तिन्ही निस्तरून आले. आता फोन घरी. नवरा विचारतो, काही झालं तर? तर तू आहेस ना घरात!

शिरपूर, दहा महिन्यांचं बाळ

मला हे सगळं वाचून रडू आलं. वाटण कधी करू? बाळ मांडीवरून उतरत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला कशातच रस वाटेना. बाळाकडे बघूनही काही वाटेना. लोक म्हणाले, बाळंतिणीला असं होतंच. आईने ओळखलं, डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं, उपचार चालू आहेत, बरी आहे. कोणाला जवळ बोलायला माणूस नसेल तर मनाच्या त्रासासाठी सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी रात्री लावला होता.

मला युक्त्यांपेक्षा हात मिळाले ते उपयोगी पडले. रात्री आठ ते नऊ बाळ नवऱ्याकडे. पहिला आठवडा तो बाळाला घेऊन बाथरूमच्या दाराशीच उभा असायचा, "झालं का?" विचारत. आता गच्चीवर जातो.

धुळ्याची सासू

मी सासू आहे, तरी लिहिते. भुसावळच्या सासूबाईंची बाजू घ्यायला नव्हे.

आमच्या वेळी 'स्वतःसाठी वेळ' असा शब्द नव्हता, आखाजी होती. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशीण माहेरी. निंबाला झोका, गाणी, रात्री फेर. सासरच्या चुलीचं नावसुद्धा काढायचं नाही. आता सुना सकाळी जातात आणि नवऱ्याचा डबा म्हणून संध्याकाळी परत. मी सुनेला सांगितलंय, चार दिवस राहा. डब्याचं मी बघते. माझ्या मुलाला एवढ्याने काही होत नाही.

पण एक गोष्ट तुम्हा मुलींना पटणार नाही. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, शेवया आता सगळ्या विकत आणतात. वेळ वाचतो, मान्य. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पहाटे चारला बिबड्यांचं ज्वारीचं पीठ शिजायचं, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे. ऊन चढायच्या आत गच्ची भरायची. हात दुखायचे. पण कोणाच्या घरात काय चाललंय, कोणाची पोर का गप्प आहे, ते त्या गच्चीवरच कळायचं. शिरपूरच्या मुली, तुझी आई त्याच गच्चीवरची असणार.

पाचोऱ्याची बाई, पुन्हा

एक राहिलं. राज्य सरकारी नोकरीतल्या बायकांना बालसंगोपन रजा असते, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस. आमच्या शाळेतल्या दोघींनाही माहीत नव्हती. मी माझी दहावीच्या वर्षासाठी राखून ठेवलीय. मुलाच्या हो.

धागा काढणारी

आज तेल लावायला बसले. अर्धं डोकं झालं तेव्हा कुकरची चौथी शिट्टी झाली. मग पाचवी. हात तेलाचे, उठले नाही. सहावीला मुलगा आतून ओरडला, "आई, जळल्याचा वास येतोय." म्हटलं, मग बंद कर. बंद केला त्याने. वरण थोडं लागलं होतं, वरचं वरचं काढून खाल्लं सगळ्यांनी. आता वेणी घालून ठेवली आहे, उद्या धुणार.