जनसंपर्क शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

नवखी: साखर कारखान्याच्या जनसंपर्क विभागात लागलेय. काम काय, तर साहेबांचे हारतुऱ्यांचे फोटो. मूळ विषय कसा शिकू?

जुना बातमीदार: ताई, तीस वर्षं डेस्कवर प्रसिद्धिपत्रकं चाळली. निम्मी थेट टोपलीत! पहिल्या परिच्छेदात तीनदा ‘सन्माननीय’, बातमी चौथ्यात. आधी आयव्ही ली समजून घ्या, अमेरिकेतल्या रेल्वे कंपनीचा जनसंपर्क सल्लागार. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ त्या कंपनीची रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, तेव्हा त्यानं लपवाछपवी न करता वार्ताहरांना स्वतःहून माहिती दिली.

नवखी: साहेबच लपवायला सांगतात तेव्हा?

जुना बातमीदार: १९८२चं अमेरिकेतलं टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण सांगा. कुणीतरी विष भरलेल्या कॅप्सूल घेऊन शिकागो परिसरात ७ जण दगावले. औषध कंपनीनं लपवाछपवी न करता ३ कोटींवर बाटल्या परत मागवल्या. साहेब ऐकतीलच असं नाही म्हणा.

उपसंपादक: आणि पत्रक रात्री नऊला पाठवू नका हो. पानं लागलेली असतात.