सोसायटी ग्रुप : शनिवारचं इटालियन जेवण

रविवार, सकाळी ७.४०

बी-२०४ वहिनी: सर्वांना नमस्कार. काल रात्रीच लिहिणार होते, पण रागाच्या भरात नको म्हणून थांबले. आमच्या सासूबाईंना रात्रभर झोप नाही. त्यांनी त्या वाढणाऱ्या मुलाला दोनदा विचारलं, चीज शाकाहारी आहे ना? तो म्हणाला शंभर टक्के व्हेज, आणि वरून अजून किसून घातलं. घरी आल्यावर मुलीनं वाचून दाखवलं की पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळायला घालतात ते) असतं. आता त्यांना काय सांगू मी?

बी-३०२ काकू: अगं बाई! मीपण खाल्लं की गं.

ए-१०३ दादा: काकू, तुम्ही तर मागून घेतलंत 😀

बी-३०२ काकू: मग काय करू? भात कच्चा होता, कशाबरोबर तरी घशाखाली उतरायला नको?

ए-४०४ काका: बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला आहे. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे, ४ जुलै २०२२. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.

सी-१०१ वहिनी: हॉटेल मी सुचवलं होतं म्हणून विचारते. नक्की कुणाकुणाला आवडलं नाही? काल तर सगळे वा वा करत होते.

बी-२०४ वहिनी: वहिनी, जेवणाला मी नावं ठेवतच नाहीये. मार्गारिटा पिझ्झा इतका चांगला मी कधी खाल्ला नव्हता. नुसता टोमॅटो, चीज आणि ती बेसिलची पानं, पण प्रत्येकाची चव वेगळी कळत होती. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय. ज्याला एवढं छान करता येतं, त्याला एका म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नाचं खरं उत्तर देता येऊ नये?

ए-१०३ दादा: पिझ्झा कडेला करपला होता पण.

सी-१०१ धाकटा (पुणे): नमस्कार सगळ्यांना. आईनं मेसेज दाखवले म्हणून लिहितोय. दादा, तो करपलेला नव्हता. लाकडाच्या भट्टीत साधारण ४८० अंशांवर पिझ्झा ६० ते ९० सेकंदांतच होतो, कडेला तसे काळे ठिपके यायलाच हवेत. मधला भागही मऊ असतो, हातात धरला तर लवतो. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या या कलेला युनेस्कोनं २०१७ मध्ये वारसा म्हणून मान्यता दिलीय. आपल्याकडे तशी भट्टी लावणं सोपं काम नाही.

बी-३०२ काकू: आणि भाताचं काय रे? त्यालापण वारसा मिळाला का?

सी-१०१ धाकटा: काकू, रिझोतो तसाच करतात. आखूड, जाड दाण्याचा तांदूळ, थोडं थोडं गरम पाणी घालत, सतत ढवळत. बाहेरून दाटसर होतो, पण दाण्याचा गाभा किंचित कडक ठेवतात.

बी-३०२ काकू: म्हणजे गुरगुट्या भात अर्ध्यावर गॅस बंद केल्यावर होतो तसा. त्याचे एवढे पैसे.

सेक्रेटरी: रात्री बी विंगच्या गेटसमोर पांढरी गाडी आडवी लावली होती. कुणाची आहे त्यांनी आत्ता काढावी. दूधवाला बाहेर उभा आहे.

ए-१०३ दादा: आमच्या पाहुण्यांची. काढतो.

सेक्रेटरी: पाहुण्यांसाठी मागची जागा आहे हे मीटिंगमध्ये ठरलं होतं.

ए-१०३ दादा: मीटिंगमध्ये बरंच काही ठरतं.

बी-००३ आबा: माका एक सांगा, तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) चीज कोण घालता? शेवयांत तिसरे घातल्यानी, ता बरा झाला होता. लसूण, ऑलिव्हचा तेल, बाकी जास्त कायच नाय. तिसरे ताजे होते, हयसरच्या खाडीतले वाटले. आणि त्या झिलान वरसून चीज मारल्यान. मी हात आडवो धरलंय तरी घातल्यान. चव गेली सगळी.

सी-१०१ धाकटा: आबा, तुमचंच बरोबर आहे. इटलीतसुद्धा माशाच्या किंवा तिसऱ्यांच्या पास्त्यावर चीज घालत नाहीत. समुद्राची चव मारली जाते म्हणूनच.

बी-००३ आबा: तर मग! माका इटालियन शिकवक नको. समुद्राचा खाणाऱ्यांका सगळ्यांका कळता ता.

ए-४०४ काका: पुन्हा सांगतो. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. मार्गदर्शक तत्त्वे ४ जुलै २०२२ ची. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती योग्य ठरवली आहेत. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

खजिनदार ताई (ए-२०१): काका, वाचलं. हिशोब असा आहे. जेवण १८,४००. सर्व्हिस चार्ज १,८४०. या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, १,०१२. एकूण २१,२५२. मोठी माणसं २३, प्रत्येकी ९२४. तिघांचे अजून आलेले नाहीत, नावं घेत नाही.

ए-४०४ काका: म्हणजे सर्व्हिस चार्जवरसुद्धा जीएसटी! तेही त्या तत्त्वांत चालत नाही.

सी-१०१ वहिनी: पुढच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी हॉटेल शोधा. २३ माणसं एकत्र बसतील अशी जागा रत्नागिरीत कुठे कुठे आहे ते मलाही कळू दे.

सेक्रेटरी: वहिनी, तुम्हाला कुणी काही म्हटलेलं नाही.

सी-१०१ वहिनी: म्हटलं नाही, पण वाचता येतं मला.

खजिनदार ताई: वहिनी, जागा छान होती हो. पण आमच्या धाकट्याला काजूची ॲलर्जी आहे. पेस्टोत, त्या बेसिलच्या चटणीत, काजू होते आणि मेनूत एका शब्दानं लिहिलेलं नाही. मी घास घेऊन बघितला म्हणून कळलं, नाहीतर ताट त्याच्यासमोरच ठेवलं होतं. म्हणून बी-२०४ वहिनींचं मला पटतं. चव, सजावट हे सगळं नंतर.

सी-१०१ धाकटा: पेस्टोत खरं तर पाइन नट्स असतात, ते महाग म्हणून काजू घालतात. कोकणात तर काजू हाताशीच. चवीला वाईट नाही, पण सांगायला हवंच.

(हा मेसेज काढून टाकला आहे)

बी-३०२ काकू: कुणी काय काढलं?

ए-१०३ दादा: मी. मासा मागवला तर नुसता मासा आणि लिंबाची फोड आली, पोळी नाही, भात नाही, हे लिहिलं होतं. पोराला जोरात बोललो तेही लिहिलं होतं. मग म्हटलं नको.

सी-१०१ धाकटा: तिकडे पास्ता किंवा भात आधी, मासा-मांस नंतर, आणि भाजी वेगळी मागवायची अशी पद्धत. ऑर्डर घेतानाच सांगायला हवं होतं त्यांनी.

बी-००३ आबा: पोरावर कित्याक ओरडलात ओ? एकटो तेवीस माणसांका धावत होतो. घाम निथळत होतो त्येच्या तोंडारसून. सगळा एकट्यान लिहून घेतल्यान. मालक गल्ल्यावर बसान मोबाइल बघी होतो.

बी-२०४ वहिनी: आबा, अगदी. माझा राग त्या मुलावर नाहीच. त्याला कुणी शिकवलंच नसणार. 'माहीत नाही, आत विचारून येतो' एवढं म्हणायला शिकवा की. सासूबाई चीज बाजूला काढून जेवल्या असत्या, त्यांचं काही अडत नव्हतं. विश्वासानं विचारलं आणि त्यानं वेळ मारून नेली, हे त्यांना लागलंय.

सेक्रेटरी: जेवण उशिरा आलं याबद्दलही बोलू या. पहिला पिझ्झा ८.५० ला, शेवटचा पास्ता दहाला. निम्मी मंडळी जेवून बसली होती.

खजिनदार ताई: बुकिंग करताना मेनू आधी कळवा असं मी सांगितलं होतं. पास्ता ऐनवेळी उकडतात, भट्टीत एका वेळी मोजकेच पिझ्झे मावतात. २३ जणांचं एकदम कसं येणार?

सेक्रेटरी: बुकिंग मी केलं, पाण्याचा टँकर मी बघतो, लिफ्टवाल्याला फोनही मीच करतो. आता मेनूपण मीच.

बी-३०२ काकू: अरे, रागावू नकोस. तू करतोस म्हणून तर होतं.

ए-४०४ काका: सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. ४ जुलै २०२२.

ए-१०३ दादा: काका 🙏🙏

खजिनदार ताई: काकांचा मुद्दा योग्यच आहे. मी आणि बी-२०४ वहिनी ११ वाजता जाऊन येतो. बिल माझ्याकडे आहे.

दुपारी १.१५

खजिनदार ताई: जाऊन आलो. सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,९३२ परत मिळाले. आधी 'आमची पॉलिसी आहे' म्हणाले. काकांचे मेसेज दाखवल्यावर मॅनेजरनं मालकांना फोन लावला आणि लगेच दिले. काका, धन्यवाद.

ए-४०४ काका: 🙏 मी दोन दिवस आधीपासून सांगत होतो.

ए-१०३ दादा: काका, जेवण काल झालं.

बी-२०४ वहिनी: चीजचं सांगते. मी म्हटलं, पाकीट बघितल्याशिवाय जाणार नाही. आतून आणून दाखवलं. भारतात बनवलेलं, हिरवा ठिपका आहे, घटकांमध्ये सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असं छापलंय. फोटो काढून सासूबाईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, मग जेवल्या. पण मेनूकार्डावर 'इम्पोर्टेड इटालियन पार्मेजान' लिहिलंय ते काय मग?

सी-१०१ धाकटा: २०४च्या काकू, खरं पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, दूध, मीठ आणि वासराचं रेनेट एवढ्यावरच करतात, आणि किमान १२ महिने मुरवतात. हिरवा ठिपका असेल तर ते ते नाही. शाकाहारी माणसासाठी हेच बरं, पण मग मेनूत तसं लिहायला हवं.

बी-२०४ वहिनी: तेच मॅनेजरला सांगून आले. आपलं स्वस्त असेल तर आपलं म्हणून लिहा, आम्ही आवडीनं खाऊ. पेस्टोपुढे 'काजू आहेत' लिहितो म्हणाले. बघू या. तो कालचा मुलगा होता तिथं, घाबरला बिचारा. त्याला म्हटलं, तुझ्याबद्दल तक्रार नाही. ताईंनी त्याच्या हातात शंभर रुपये दिले.

बी-००३ आबा: बरा केलास गो बाय. सर्व्हिस चार्ज त्येच्या खिशात थोडोच जातलो होतो.

सी-१०१ वहिनी: ताई, वहिनी, उन्हातून गेलात, बरं केलंत. मीच यायला हवं होतं बरोबर.

बी-२०४ वहिनी: वहिनी, पुढच्या महिन्यात आपण दोघीच जाऊ. मार्गारिटा खाऊ.

बी-३०२ काकू: दोघीच का? मीपण येते. भात सोडून.

सेक्रेटरी: १,९३२ सोसायटीच्या फंडात जमा करावेत का? सीसीटीव्हीचं बिल आहे.

ए-४०४ काका: नाही. ज्याचे त्याला. प्रत्येकी ८४ रुपये.

ए-१०३ दादा: काका, ८४ रुपयांनी काय होतंय?

ए-४०४ काका: तत्त्वाचा प्रश्न आहे.

खजिनदार ताई: ज्याचे त्यालाच देते, हिशोब सरळ राहतो. वीस जणांना ८४ परत पाठवतेय. ज्या तिघांचे आलेले नाहीत त्यांनी आता ९२४ ऐवजी ८४० पाठवायचे.

ए-१०३ दादा: पाठवतो ताई, पाहुणे निघाले की लगेच.